बिनगिअरची चढण

ज्या सायकलीला पुढे एकच दातेरी चाक आणि मागे एकच फ्रीव्हील असते, तिला आपण सर्रास ‘बिनगिअरची’ म्हणतो. शब्द रुळला आहे, पण तो नेमका नाही. त्या सायकलीला गिअर असतो. तो एकच असतो, आणि घरातून निघण्याआधी ठरवावा लागतो. चढ समोर उभा ठाकल्यावर अंगठ्याने कळ दाबून बेत बदलण्याची सोय तिच्यात नाही. प्रस्तुत पुस्तिकेचा विषय पोलादी सांगाड्याची, एकाच गिअरची डोंगरी सायकल हा आहे, आणि तिची गोडी समजून घ्यायची तर या आधी ठरवण्यापासूनच सुरुवात करावी लागते. जगभर शेकडो प्रकारचे गिअर दुकानांत मांडलेले असताना काही माणसे मुद्दाम एकावर का थांबतात? हौस, जुन्याची ओढ, चारचौघांत वेगळे दिसण्याची इच्छा अशी उत्तरे दिली जातात. त्यांत थोडे तथ्य असेलही. या प्रस्तावनेत मात्र वेगळे उत्तर मांडायचे आहे. एका गिअरची सायकल चालवणाऱ्याला निर्णय चढाच्या आधी, जमीन पाहून घ्यावा लागतो, आणि या सक्तीतूनच तिचा आनंद निपजतो. हे मांडताना तुलनेसाठी सायकलीशी ज्याचे नाव कधी जोडले गेले नाही, असे अहिल्यानगर जिल्ह्यातले एक गाव घेतले आहे. ते गाव म्हणजे हिवरे बाजार.

नगर शहराच्या पश्चिमेला साधारण सतरा किलोमीटरवरचे हे गाव पर्जन्यछायेत येते. वर्षाचा पाऊस सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास, भोवती टेकड्या, खाली मुरूम आणि बेसॉल्टचा कातळ. 1972च्या दुष्काळानंतरची बरीच वर्षे उघड्या टेकड्या, आटलेल्या विहिरी आणि कामासाठी बाहेर पडणारी माणसे हीच या गावाची ओळख होती. 1989मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले. टेकड्यांवर समतल चर खोदले गेले, बांध घातले गेले, झाडे लागली. एवढे काम तर महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत झाले आहे. अनेक ठिकाणी अडवलेले पाणी दोन-चार वर्षांत बोअरच्या तोंडातून उसात गेले आणि टँकर पुन्हा वेशीवर आला. हिवरे बाजारने आधीच स्वतःवर बंधने घालून घेतली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असे ठरले, ऊस आणि केळीसारखी पाणीखाऊ पिके बंद झाली. पुढे पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत पडली. पाऊस किती पडला, विहिरींत किती साठले याचा हिशेब करायचा, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे आणि उरेल त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सगळेच एकमेकांना सांगतात. पेरणीआधी अंथरूण मोजणारी गावे विरळाच.

या बंधनांनी गाव खंगले नाही, हे मुद्दाम नोंदवायला हवे. चराईबंदीचा अर्थ जनावरे उपाशी ठेवणे असा नव्हता. मोकाट चरणे बंद झाले, टेकड्यांवर गवत वाढले, आणि ते कापून आणून गोठ्यात घालायची पद्धत सुरू झाली. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले गावाचे दूध काही वर्षांत हजारो लिटरवर गेले. म्हणजे वाट एका बाजूने बंद केल्यावर तिथे साठलेले बळ दुसऱ्या बाजूने कामी आले. बंधनाची किंमत ठरवताना त्याने काय रोखले एवढेच पाहून चालत नाही. रोखल्यामुळे लक्ष कुठे गेले, हेही पाहावे लागते. बोअर घ्यायची मुभा असती तर विहिरीची पातळी पाहण्याची गरज कुणाला वाटली नसती. खोलवरचे पाणी उपसण्याचे यंत्र हाताशी असले की वरच्या पाण्याचा हिशेब सुटतो. एका गिअरच्या सायकलीचे तत्त्व इथे येऊन भिडते.

सायकलीचा हिशेब तसा सोपा आहे. गवळ्यांनी, पोस्टमननी आणि मास्तरांनी चालवलेल्या आपल्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे बहुधा 44 किंवा 48 दाते आणि मागे 18 दात्यांचे फ्रीव्हील असे. 44 आणि 18चे गणित मांडले तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाट डांबरी रस्त्यावर हे बरे. मुरमाड चढावर मात्र चांगला तगडा गडीही खाली उतरून सायकल ढकलू लागतो. एका गिअरच्या डोंगरी सायकलीत हेच प्रमाण खाली आणलेले असते. मोठ्या, 29 इंची चाकांवर पुढे 32 आणि मागे 20 दाते घेतले तर एका फेऱ्यात सुमारे पावणेचार मीटर अंतर कापले जाते. चढ झेपतो, पण सपाटीवर पाय रिकामे फिरू लागतात आणि गिअरवाले पुढे निघून जातात. मागे 18 लावा, सपाटी सुधारेल, चढ अवघड होईल. 22 लावा, चढ सोपा होईल आणि रस्ता रटाळ. सगळ्या वाटांना पुरेल असे एक माप नाही. म्हणून दाते निवडण्याआधी माणसाला विचारावे लागते, आपण चालवतो कुठे? किती चढ, किती सपाटी, वाट मुरमाची की काळ्या मातीची, वारा कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूचा? या प्रश्नांची उत्तरे दुकानदाराजवळ नसतात, आपल्या परिसरातच शोधावी लागतात. पावसाचे मोजमाप पाहून पीक ठरवणे आणि वाटेचा चढ पाहून दाते ठरवणे, यांत आकाराचा फरक प्रचंड आहे. पण बुद्धी एकच आहे.

एकदा दाते ठरले की चालवणाऱ्याची नजर बदलते. गिअर असलेल्या सायकलीवर चढाचे उत्तर चढावरच सापडते. तो सुरू झाला की हलका गिअर टाकायचा. एका गिअरवर उत्तर अलीकडच्या उतारावर शोधावे लागते. ओढ्यात उतरताना ब्रेक किती दाबायचा, पलीकडे चढायला गती किती राखायची, खडी सैल कुठे आणि घट्ट कुठे, बैलगाडीच्या चाकोरीत चाक घालायचे की मधल्या गवतावरून न्यायचे, हे सगळे शंभर पावले आधी ठरते. उभ्या चढावर सीटवरून उठून हँडल खेचत, अंगाचे वजन एकेका पायडलवर टाकत जावे लागते, आणि मागचे चाक सटकू नये म्हणून ते वजन नेमके कुठे ठेवायचे हेही शिकावे लागते. पाणलोटाचे काम करणारे माथ्यापासून पायथ्याकडे येतात. पाणी कुठून धावते, कुठे रेंगाळते, कुठे माती नेते हे ते वरून खाली वाचत येतात. सायकलवाला तीच टेकडी खालून वर वाचतो. पाण्याला जिथे वेग येतो तिथे याचा वेग मरतो, पाणी जिथे थबकते तिथे याला दम घेता येतो. समतल चर आडवे का खोदतात हे पुस्तकातून कळायला वेळ लागतो. उभी वाट सोडून आडव्या वाटेने चढ काढणाऱ्याच्या मांड्यांना ते पहिल्याच दिवशी कळते.

इतिहास पाहिला तर ही सायकल नव्या फॅशनमधून आलेली नाही, डोंगरी सायकलीचा जन्मच तिच्यातून झाला. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात 1970च्या दशकात काही तरुण दुसऱ्या महायुद्धाआधीच्या, जाड टायरच्या, जड पोलादी सायकली घेऊन टेकड्यांवरून खाली येत. त्या सायकलींना एकच गिअर होता आणि पायडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक मागच्या चाकात होता. 1976च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका मातीच्या उतारावर शर्यत सुरू झाली. त्या उताराचे नाव पडले ‘रीपॅक’. खाली पोहोचेपर्यंत ब्रेकमधले ग्रीस तापून धूर होई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून. पुढे जो ब्रीझ या तरुणाने खास या कामासाठी सांगाडा बनवला, गॅरी फिशर आणि इतरांनी जुन्या सांगाड्यांना गिअर बसवले, आणि 1980च्या दशकात कारखान्यांतून डोंगरी सायकली बाहेर पडू लागल्या. इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या तरुणांनी गिअर हौसेखातर बसवले नव्हते. जुन्या धुडावर चढ चढता येत नव्हता, सायकल ढकलत किंवा गाडीत घालून वर न्यावी लागे. गिअर ही खऱ्या अडचणीवरची खरी तोड होती. आजची एका गिअरची सायकल त्या धुडाकडे परतत नाही. हलक्या मिश्र पोलादाच्या नळ्या, खाली आणलेले दाते, चांगले ब्रेक हे सगळे ती घेते, आणि गिअरचा मोह तेवढा बाजूला ठेवते.

आपल्याकडचा धागा वेगळा आहे. मद्रासजवळ टीआय सायकल्सची स्थापना 1949मध्ये झाली, सोनीपतच्या अ‍ॅटलसची 1951मध्ये, लुधियानाच्या हीरोची 1956मध्ये. या कारखान्यांनी इंग्रजी धाटणीची, दांडीच्या ब्रेकची, 28 इंची चाकांची पोलादी सायकल देशाच्या कानाकोपऱ्यात नेली. तिच्यावर दुधाच्या किटल्या लागल्या, गवताचे भारे चढले, डबलसीट संसार झाला. ‘ऑफ-रोड’ हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी ती पाणंदीतून, बांधावरून आणि ओढ्यातून जात होती. पोलादाच्या बाजूने बोलणारा सर्वांत मोठा पुरावा हीच सायकल आहे. भौतिकाच्या हिशेबाने पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड आणि जवळजवळ तिप्पट ताठ. वजनाच्या मानाने दोघांचा ताठपणा सारखाच पडतो. खरा फरक दिसतो थकव्यात आणि दुरुस्तीत. एका मर्यादेखालचे हिसके पोलाद कितीही वेळा सोसू शकते; अ‍ॅल्युमिनियमला तशी सुरक्षित मर्यादा नाही, लहान हिसक्यांचाही हिशेब त्याच्यात साठत जातो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे सांगाडे मुळातच जाड करून घडवावे लागतात. शिवाय पोलाद वाकते ते दिसते, चिरते तेही बहुधा कुरकुरून सांगते, आणि गावातल्या वेल्डरकडे साधे पोलाद जोडून मिळते. हलक्या मिश्र पोलादाच्या पातळ नळ्यांना मात्र जाणता हात लागतो, हे विसरू नये.

दुरुस्तीचा मुद्दा नगरच्या मातीत विशेष खरा आहे. उन्हाळ्यात मुरमाची भुकटी प्रत्येक सांध्यात शिरते. पावसाळ्यात काळी माती चाक आणि चिमट्यामध्ये असे बूच मारते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. गिअर बदलणारी यंत्रणा मागच्या चाकाशी लोंबत असते. एखादा दगड लागून ती वाकली की तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतील याची खात्री नसते. एका गिअरच्या सायकलीला चेन, फ्रीव्हील आणि छर्रे एवढेच लागते. एक पाना आणि तेलाची कुपी पुरते. मात्र तिचे काही भक्त आणखी एक दावा करतात, की गिअरची यंत्रणा नसल्याने ताकद वाया जात नाही आणि सायकल आपोआप वेगवान होते. या दाव्यावर फार भार टाकू नये. 1999मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी सायकलीच्या चेनची कार्यक्षमता मोजली. ती 81 टक्क्यांपासून 98.6 टक्क्यांपर्यंत आढळली आणि फरक पडला तो मुख्यतः चेनच्या ताणामुळे आणि दातेरी चाकांच्या आकारामुळे. म्हणजे नीट राखलेली गिअरची सायकलही ताकद फारशी वाया घालवत नाही. एका गिअरचे मोठेपण वेगावर उभे करायला गेले तर ते कोसळेल.

पहिला आक्षेप इथूनच येतो. गिअर जिंकतात, मग वाद कशाला? आक्षेप खरा आहे. फ्रान्सच्या प्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज गिअर बदलण्याच्या यंत्रणेला माणसाला मऊ करणारी सवलत समजत आणि दीर्घकाळ त्यांनी ती आपल्या शर्यतीत येऊ दिली नाही. 1937मध्ये बंदी उठली आणि वाद संपला. आज त्या शर्यतीत एका गिअरवर उतरण्याचा विचारही कुणी करणार नाही. देग्रांज यांची चूक बंदी घालण्यात नव्हती. ती बंदीला मर्दुमकीची परीक्षा बनवण्यात होती. जिथे हेतू वेळ वाचवण्याचा आहे, तिथे गिअर हवेत. हिवरे बाजारने उसाला नकार दिला, तो ऊस वाईट पीक आहे म्हणून नव्हे, 400 मिलिमीटर पावसात तो परवडत नाही म्हणून. तोच ऊस कोल्हापुरात शोभतो. एका गिअरची शिफारसही अशीच, हेतू आणि भूमी पाहून करायची असते. सकाळी दोन तास टेकडीवर घालवायचे आणि ती टेकडी ओळखीची करून घ्यायची, एवढाच हेतू असेल तर वेळ वाचवून करायचे काय?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्या देशात कालपर्यंत बिनगिअरची सायकल ही गरिबीची खूण होती, ज्या गवळ्याने पहिली संधी मिळताच ती भिंतीला टेकवून मोटरसायकल घेतली, तिथे पोट भरलेल्यांनी तीच सायकल शौक म्हणून मिरवावी, ही थट्टा नव्हे का? याचे उत्तर झटकून टाकता येत नाही. लादलेले बंधन आणि स्वीकारलेले बंधन वरून सारखे दिसते, आतून नसते. बिहार सरकारने 2006पासून नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हा मुलींची शाळेतली पटनोंदणी ठळकपणे वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांना आढळले. त्या मुलींसाठी सायकल म्हणजे अंतर कापण्याचे साधन होते; त्यांना चढाचे तत्त्वज्ञान सांगायला जाणे हा उद्धटपणा ठरेल. हिवरे बाजारच्या बंद्यांनाही वजन आले ते ग्रामसभेत त्या स्वीकारल्या गेल्या म्हणून आणि त्यांचा मोबदला चाऱ्याच्या आणि पाण्याच्या रूपाने गावातच परतला म्हणून. बाहेरच्या अधिकाऱ्याने हुकूम काढून तीच बंदी घातली असती तर रात्रीतून कुऱ्हाडी चालल्या असत्या. तेव्हा या पुस्तिकेतला कोणताही सल्ला, ज्याला गिअर घेता येतो आणि तरी नको वाटतो, त्याच्यासाठीच आहे, असे समजावे. इतरांना सांगण्यासारखे एवढेच, की ज्या सायकलीची तुम्हाला लाज वाटायला लावली गेली, तिच्यात लाजण्यासारखे काही नव्हते.

तिसरा आक्षेप तुलनेवरच आहे. पाणी खरोखर दुर्मीळ असते. गिअर दुर्मीळ नाहीत, दुकानात रांगेने टांगलेले आहेत. मग बंधन कशासाठी? पण डोंगरावर दुर्मीळ असते ती माणसाची ताकद आणि त्याचे लक्ष. बारा गिअर हाताशी असले की ताकदीचा हिशेब यंत्रावर सोपवला जातो आणि लक्ष कळीवर जाते. एक गिअर असला की हिशेब चालवणाऱ्याकडेच राहतो. बोअर खोल गेला की विहिरीत डोकावणे थांबते, तसेच हे. तुलना इथेच थांबवावी. गावाचा निर्णय चुकला तर माणसे आणि जनावरे तहानेने व्याकूळ होतात. सायकलवाल्याचे दाते चुकले तर तो फार तर घामाघूम होऊन ढकलत घरी येतो. दोन्हींना एकाच तराजूत घालण्याचा इथे हेतू नाही. मोठ्या गोष्टीत सिद्ध झालेली बुद्धी लहान गोष्टीत स्वस्तात शिकता येते, एवढाच दावा आहे.

मर्यादाही सांगून ठेवायला हव्यात. गुडघे दुखरे असतील, लांबचा प्रवास सामानासकट असेल, घाटाचा चढ तासभर सलग असेल तर गिअर घ्यावेत, आणि संकोच न करता घ्यावेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने दाते हलके ठेवावेत. जड दात्यांवर फुशारकी मारणाऱ्यांचे गुडघे आधी बोलू लागतात. आणि एक सूचना जमिनीसाठी. टेकडीवर ज्यांनी श्रमदानाने चर खोदले, ज्यांनी आपली जनावरे तिथे सोडायची नाहीत असे ठरवले, त्यांच्या मेहनतीवर जाड टायरची रेघ ओढण्याचा अधिकार कुणालाही नाही. ओल्या मातीवर उमटलेली चाकाची एक खूण पुढच्या सरीत पाण्याची वाट होते, आणि चराचा काठ एकदा फुटला की वर्षाची माती खाली जाते. हिवरे बाजार असो वा दुसरे कोणतेही गाव, टेकडीवर जाण्याआधी ग्रामपंचायतीत विचारावे, मळलेल्या वाटेवरूनच चालवावे, चर आणि बांध आले की खाली उतरून सायकल उचलून न्यावी, आणि पावसानंतर माती वाळेपर्यंत थांबावे. चढ झेपला नाही तरी खाली उतरावे. एका गिअरच्या सायकलीवर उतरावे लागतेच, आणि उतरलेल्या माणसाला पायाखालची जमीन नीट दिसते. वाचकाने पुढचे प्रकरण वाचायला घेण्याआधी आपल्या नेहमीच्या वाटेवरचा सर्वांत अवघड चढ एकदा पायी चालून यावा. दाते किती घ्यायचे, ते तो चढच सांगेल.